झटक्याने पडणारा गिअर : जुन्या स्वयंचलित ट्रकचे निदान

क्लचचे पेडल असलेल्या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे हळुवार सोडण्याचे काम चालकाचा डावा पाय करतो, तर स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ते तेलाच्या दाबावर सोपवलेले असते. त्यामुळे उभ्या ट्रकमध्ये दांडी ‘पार्क’वरून ‘ड्राइव्ह’ किंवा ‘रिव्हर्स’वर नेताच धाडकन आवाज होऊन गाडी हादरू लागली, तर संशयाची सुई गिअरच्या दातांऐवजी प्रथम या दाबाकडे वळवावी लागते. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप ट्रकमध्ये हा दोष वारंवार आढळतो. १९९३ पासून त्यांत बसवला गेलेला ‘४एल६०-ई’ हा चार गतींचा गिअरबॉक्स अभ्यासासाठी विशेष सोयीचा आहे, कारण दाब ठरवण्याच्या जुन्या यांत्रिक आणि नव्या विद्युत पद्धतींच्या सांध्यावर तो उभा आहे.

अशा गिअरबॉक्समधील दातेरी चाके ग्रहमालेसारखी रचलेली असून ती कायमच एकमेकांत गुंतलेली असतात. मध्यभागी एक ‘सूर्यचाक’, त्याभोवती फिरणारी छोटी चाके आणि त्या सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कडे, अशी ही रचना असते. गिअर पडणे म्हणजे यांपैकी कोणता भाग इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टला जोडायचा आणि कोणता जागीच धरून ठेवायचा याची निवड होय. ही निवड क्लचच्या गठ्ठ्यांमार्फत होते. एकाआड एक ठेवलेल्या पोलादी व घर्षणाच्या चकत्यांवर तेलाच्या दाबाने पिस्टन येऊन बसतो आणि सुट्या फिरणाऱ्या चकत्या एकजीव होतात. ‘न्यूट्रल’मध्ये असताना इंजिनाच्या मागे असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमधील टर्बाइन, म्हणजे तेलाच्या झोताने फिरणारे पाते, जवळपास इंजिनाच्याच वेगाने फिरत असते; गिअर पडताच, चाके ब्रेकने रोखलेली असल्यामुळे, त्याला क्षणात थांबावे लागते. चकत्या सावकाश आवळल्या तर टर्बाइन हळूहळू थांबते, दाब एकदम चढला तर ते जागच्या जागी अडते, आणि ते अडण्याचा धक्काच चालकाला झटका म्हणून जाणवतो.

हा धक्का सौम्य करण्यासाठी तेलाच्या वाटेवर ‘अॅक्युम्युलेटर’ नावाचा स्प्रिंग लावलेला एक छोटा पिस्टन ठेवलेला असतो. क्लचकडे निघालेल्या तेलाचा पहिला लोंढा तो स्वतःकडे वळवून घेतो आणि तेवढ्या अवधीत चकत्यांना सावकाश जवळ येण्यास सवड मिळते. त्याची स्प्रिंग तुटली किंवा सील झिजले, तर ही सवड नाहीशी होते.

दाब किती ठेवायचा हे इंजिनावरील भारावरून ठरते, आणि भाराची ही बातमी गिअरबॉक्सपर्यंत पोहोचवण्याच्या तीन पद्धती जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्समध्ये क्रमाने आल्या. १९६४ मधील ‘टर्बो-हायड्रामॅटिक ४००’ मध्ये इंजिनाच्या सेवननलिकेतील निर्वात एका रबरी नळीतून मॉड्युलेटर या डबीसारख्या भागाकडे नेला जाई. चालकाने पाय सोडला की निर्वात वाढे आणि दाब उतरे. १९८२ मधील ‘७००-आर४’ मध्ये हेच काम थ्रॉटलला जोडलेल्या केबलकडे आले. ‘४एल६०-ई’ मध्ये संगणक एका दाबनियंत्रक सोलेनॉइडला, म्हणजे विद्युतप्रवाहाने हलणाऱ्या झडपेला, कमी-अधिक प्रवाह पाठवतो. या सोलेनॉइडची रचना मुद्दाम उलटी आहे: प्रवाह सुमारे १ अँपिअर असताना दाब दर चौरस इंचाला साधारण ५५ ते ६५ पाउंड इतका कमी राहतो, तर प्रवाह जवळजवळ शून्यावर आला की तो १५० पाउंडांच्या पुढे जातो.

या उलट्या रचनेमागे एक हिशेब आहे. कमी दाबावर क्लच निसटू लागले, तर चकत्या काही मिनिटांत जळू शकतात. जास्त दाबाने मात्र प्रवास त्रासदायक होतो, पण गिअरबॉक्स टिकतो. म्हणून भाराची बातमी थांबली, की यंत्र पूर्ण भार आहे असे धरून चालते. मॉड्युलेटरच्या नळीला तडा गेला, सोलेनॉइडची तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये गंज चढला, तरी परिणाम एकच होतो: दाब कमाल पातळीवर जाऊन बसतो आणि प्रत्येक गिअर आपटत पडतो.

निदानाचा क्रम त्यामुळे बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे असा असावा. प्रथम इंजिनाचा आयडल, म्हणजे पाय सोडल्यावरचा वेग, तपासावा. तो वाढलेला असेल तर टर्बाइनही वेगाने फिरते आणि निरोगी गिअरबॉक्सही झटका देतो. त्यानंतर इंजिन गरम व चालू ठेवून, दांडी ‘पार्क’वर असताना डिपस्टिकवर तेलाची पातळी, रंग आणि वास पाहावा. तेल कमी असेल किंवा आतील सील गळत असतील, तर गिअर पडायला आधी उशीर होतो आणि मग तो एकदम आपटतो. हा ‘थांबून येणारा’ झटका तात्काळ येणाऱ्या झटक्यापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. तिसरी पाहणी गाडीखालची. चाकांना अडण लावून आणि इंजिन बंद ठेवून प्रॉपेलर शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना फिरवला, तर झिजलेला क्रॉस, स्लिप योकच्या झिजलेल्या खाचा किंवा डिफरन्शियलमधील जादा ढिलाई खडखडून स्वतःची साक्ष देते. इंजिन व गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर फाटले असल्यासही सौम्य धक्का मोठा होऊन केबिनमध्ये पोहोचतो.

एवढे निर्दोष आढळल्यावर दाबमापकाची पाळी येते. गिअरबॉक्सच्या डाव्या अंगावरील छोटी मळसूत्री डाट काढून तेथे ३०० पाउंडांपर्यंतचा मापक जोडला, ब्रेक घट्ट दाबून दांडी एकेक स्थानावर नेली, की प्रकरण बरेचसे उलगडते. रिव्हर्समध्ये दाब मुळातच जास्त असतो, त्यामुळे तेथे काटा वर चढणे हा दोष नव्हे. पण आयडलवर, ड्राइव्हमध्येही काटा कमाल आकड्याजवळ अडून राहिला, तर दोष दाबनियंत्रणात आहे. दाब योग्य असूनही केवळ ड्राइव्ह आपटत असेल, तर त्या क्लचचा अॅक्युम्युलेटर संशयित ठरतो. जुन्या ‘४००’ मध्ये तर मापकाआधीच मॉड्युलेटरची नळी काढून पाहावी. तिच्या तोंडाशी लाल तेलाचा थेंब दिसला, तर आतला पडदा फाटला आहे आणि तेच तेल इंजिनात ओढले जाऊन धुराड्यातून पांढरा धूर निघत असतो.

संगणकाने नोंदवलेले दोषसंकेत उपयोगी खरे, पण ते सावधपणे वाचावे लागतात. ‘पी०७४८’ हा संकेत सोलेनॉइडच्या विद्युतमार्गाकडे बोट दाखवतो. ‘पी१८७०’ हा मात्र आत कोठेतरी निसटणे चालू असल्याचे सांगतो, आणि त्याचे ‘४एल६०-ई’मधील प्रसिद्ध कारण म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लचवर नियंत्रण ठेवणाऱ्या झडपेचे अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्ह बॉडीतील, म्हणजे झडपांच्या ठोकळ्यातील, झिजून मोठे झालेले भोक होय. निसटणे लक्षात येताच संगणक स्वतःहून दाब वाढवतो, म्हणजे येथे झटका हे आजाराचे लक्षण नसून संगणकाने दिलेले औषध असते. अशा वेळी नुसता सोलेनॉइड बदलून काहीच साधत नाही; झिजलेले भोक नव्या बुशने दुरुस्त करावे लागते किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदलावी लागते.

झटका नको म्हणून दाब कृत्रिमरीत्या उतरवण्याची युक्ती कधीकधी सुचवली जाते, आणि तिने गाडी काही काळ गुळगुळीत चालतेही. परंतु ज्या निसटण्यापासून वाचण्यासाठी यंत्राने दाब चढवलेला असतो, तेच तिने घडते आणि क्लचच्या चकत्या जळतात. म्हणून आपटणारा गिअरबॉक्स दुरुस्तीला काढताना, भाराची कोणती बातमी कोठे अडली आणि दाब कोणी व का चढवला, हे मापकावर पाहून घ्यावे. त्याची उत्तरे मिळेपर्यंत पेटी उघडण्याची घाई करू नये.