बियाण्याची पिशवी वाचून घेणारा जालनेकर ३५ हजारांचा लॅपटॉप मात्र न वाचताच का घेतो?

जालना जिल्ह्यात बियाणं घ्यायला गेलेला शेतकरी पिशवी उलटीसुलटी करून बघतो. वाण कोणतं, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती टक्के, मुदत कधीपर्यंत. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. त्यामुळे ही सवय इथल्या माणसाच्या अंगात मुरलेली आहे. सळई घेतानाही तेच. किती एमएम, ग्रेड ५०० की ५५०, हे विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

आणि हाच माणूस लेकीसाठी लॅपटॉप घ्यायला गेला की “आय थ्री आहे, एचडी आहे, वर बॅग फ्री आहे” एवढ्यावर पैसे मोजून मोकळा होतो.

यात वेळेचाही घोळ असतो. इंजिनिअरिंग, डिप्लोमाचे प्रवेश जुलै-ऑगस्टच्या सुमारास होतात. अंबड, घनसावंगी, बदनापूरकडे ज्यांच्या घरचं गणित मोसंबीवर चालतं, त्यांच्या आंबिया बहाराचा माल साधारण ऑगस्टनंतर उतरायला लागतो. म्हणजे फी, हॉस्टेल, पुस्तकं आणि लॅपटॉप हे सगळं हातात पैसा नीट यायच्या आधीच समोर उभं राहतं. अशा वेळी ३० ते ४० हजारांत घेतलेली वस्तू डिप्लोमाला तीन आणि डिग्रीला चार वर्षं टिकावी लागते. दुसऱ्या वर्षी ती रडायला लागली तर दुसरी घ्यायची सोय नसते.

तर सुरुवात स्क्रीनपासून. कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

दुकानातल्या पाटीवर “१५.६ इंच एचडी” असं लिहिलेलं असतं. एचडी म्हटलं की भारी वाटतं. प्रत्यक्षात स्वस्त लॅपटॉपमध्ये ‘एचडी’ म्हणजे बहुतेक वेळा १३६६×७६८. आडवे १३६६ ठिपके, उभे ७६८, एकूण साधारण साडेदहा लाख ठिपके. ‘फुल एचडी’ म्हणजे १९२०×१०८०, एकूण २० लाख ७३ हजार ठिपके. पडदा तेवढाच, पण ठिपके जवळपास दुप्पट. १५.६ इंचाच्या पडद्यावर एका इंचात पहिल्या प्रकारात सुमारे १०० ठिपके बसतात, तर दुसऱ्यात १४१. फरक एका शब्दाचा, पण रोज सहा तास डोळे लावून बसणाऱ्याला तो शब्दच महत्त्वाचा.

आणखी एक गंमत म्हणजे काही जाहिरातींत ‘फुल एचडी’ हे शब्द कॅमेऱ्याबद्दल असतात आणि स्क्रीन साधी एचडीच असते. त्यामुळे शब्द सोडा, आकडे वाचा. १०८० किंवा १२०० हा आकडा दिसला पाहिजे. १९२०×१२०० ची स्क्रीन थोडी उंच असते. वर्ड, एक्सेल किंवा कोडिंग करणाऱ्याला त्यात चार ओळी जास्त दिसतात.

मराठी वाचणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा आणखी गंभीर आहे. इंग्रजी अक्षर एका ओळीत सरळ बसतं. देवनागरीत मात्र वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर. ‘निर्णयांमध्ये’ किंवा ‘स्त्रियांच्या’ असा शब्द लहान आकारात ७६८ च्या पडद्यावर आला की त्या एवढ्याशा जागेत ठिपकेच कमी पडतात. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, ‘द्ध’ आणि ‘द्द’ सारखेच दिसायला लागतात. शासन निर्णयाची पीडीएफ, सातबारा, स्पर्धा परीक्षेच्या मराठी नोट्स हे सगळं बारीक अक्षरातलंच साहित्य. हा त्रास दुकानात पाच मिनिटांत जाणवत नाही, घरी आठ दिवसांनी जाणवतो.

पण एक गैरसमजही इथेच काढायला हवा. फुल एचडी घेतलं म्हणजे पडद्यावर दुप्पट मजकूर मावेल असं नाही. विंडोज अक्षरं वाचता यावीत म्हणून सगळंच मोठं करून दाखवतं. १५.६ इंचावर १२५ टक्के ठेवलं तर कामाची जागा १५३६×८६४ एवढी उरते. १४ इंचावर १५० टक्के ठेवलं तर ती १२८०×७२० होते, म्हणजे ७६८ वाल्यापेक्षाही कमी! अक्षरं कोरीव दिसतात, पण जागा तेवढीच. एक्सेलच्या लांबलचक शीट किंवा टॅलीवर काम करायचं असेल तर १५.६ इंच बरा. रोज एसटीने ये-जा असेल तर पाठीवरच्या वजनासाठी १४ इंच बरा. ऑटोकॅड शिकणाऱ्यांना मात्र निवडच नाही, कारण ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी स्वतःच १९२०×१०८० ची स्क्रीन सांगते.

याच्या वर टू-के, फोर-के च्या मागे लागायचं का? या बजेटमध्ये नाही. ते पैसे रॅममध्ये घाला.

आकड्यांइतकाच पडद्याचा प्रकारही बघावा लागतो. स्वस्त स्क्रीन टीएन प्रकारची असली तर बाजूने बघताना रंग उडतात, खालून बघितलं तर चित्र काळपट होतं. आयपीएस स्क्रीन असेल तर दोन जण शेजारी बसून वाचू शकतात. दुकानात स्क्रीन पुढे-मागे झुकवून बघितली की हे लगेच कळतं, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही.

आता प्रोसेसर. इथे ‘आय थ्री’ हे आडनाव आहे, नाव नाही. आय थ्री-१००५जी१ मध्ये दोन कोअर आहेत. आय थ्री-१२१५यू मध्ये सहा, त्यातले दोन मोठे आणि चार छोटे. आय थ्री-एन३०५ मध्ये आठ आहेत, पण आठही छोटे. तिघांवर स्टिकर एकच! रोजच्या कामाला आणि थोड्या जड सॉफ्टवेअरला १२१५यू किंवा त्यानंतरचा १३१५यू चांगला. सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५०० असं दिसलं तर त्यात दोनच कोअर असतात. फॉर्म भरणं, व्हिडिओ बघणं चालतं, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला ते पुरत नाहीत.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तर खरी मेख तिसऱ्या आकड्यात आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दिसायला जुळे भाऊ. पण तिसरा आकडा २ म्हणजे जुनी झेन २ रचना, कोअर चार. ३ म्हणजे झेन ३, कोअर सहा. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम बोर्डवरच जोडलेली असते. नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे तो घ्यायचाच तर १६ जीबीवालाच घ्यावा.

हाच प्रश्न प्रत्येक लॅपटॉपला विचारायचा: रॅम वाढवता येते का? विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी सांगितली आहे, पण ती विंडोज सुरू होण्यापुरती. क्रोमच्या दहा टॅब आणि एक मीटिंग चालू केली की ४ जीबीचा दम निघतो. आज ८ जीबी ही खालची पायरी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढल्यामुळे १६ जीबीचं मॉडेल बजेटबाहेर जात असेल, तर ८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट असलेला लॅपटॉप घ्यावा. पुढच्या बहाराला दुसरी ८ जीबी टाकता येते. त्याचा आणखी एक फायदा होतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळं नसतं, ते रॅमच वापरतं, आणि एकाऐवजी दोन पट्ट्या असल्या की ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

स्टोरेजमध्ये एसएसडी हवी. ‘ईएमएमसी ६४ जीबी’ असं दिसलं की पाटी खाली ठेवावी, विंडोजच्या अपडेटनेच ती भरून जाते. ५१२ जीबीच्या जागी ४७६ दिसले तर दुकानदाराशी भांडू नये, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

आता जालन्याचं ऊन. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो, आणि बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरावा असं सांगतात. पत्र्याच्या घरात दुपारी प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मालकाला वाटतं मशीन बिघडलं. पंखा नसलेला सडपातळ लॅपटॉप अशा ठिकाणी लवकर मंदावतो. गादीवर ठेवून वापरला तर पंखेवाल्याचाही श्वास कोंडतो.

बजेट २० हजारांच्या आसपासच असेल तर ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप वाईट नाहीत, पण एक रेघ पक्की आखून घ्यावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. म्हणून आय फाइव्ह-८२५०यू चालेल, ७२००यू नाही, मग तो कितीही चकचकीत दिसो. जुन्या मशीनची बॅटरी आणि स्क्रीनवरचे डाग हे उजेडात बघून घ्यायचे.

दुकानात पैसे देण्याआधी लॅपटॉप चालू करायला सांगावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स भागात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम आणि बहुतेक मशीनमध्ये दोनपैकी किती स्लॉट भरलेत हे दिसतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन १९२०×१०८० आहे का ते बघावं. मग ब्राउझरमध्ये एखादी मराठी पीडीएफ उघडून अर्धं पान वाचावं, तेही जिला तो वापरायचा आहे तिनेच.

आणि वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की मशीन सर्व्हिस सेंटरला न्यायचं आहे, हे आपल्या तालुक्याचा पिनकोड सांगून विचारावं. मंठ्याहून किंवा भोकरदनहून छत्रपती संभाजीनगरला दोन खेपा घालायच्या म्हटलं तर भाडं आणि बुडालेला रोज हे दोन्ही लॅपटॉपच्या किमतीतच धरावे लागतात. बिल जीएसटीचं, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर. तो नंबर लॅपटॉपच्या खालच्या बाजूला छापलेला असतो, तिथल्या तिथे जुळवून घ्यावा, लॉट नंबर जुळवतात तसा.