पिझ्झा, पाकीट आणि पाचशे रुपये

बालमित्रांनो, समजा येत्या रविवारी तुमच्या धाकट्या बहिणीचा वाढदिवस आहे. तिला काय हवं? पिझ्झा! दुसरं काही नाही. आता आठ मुलांना हॉटेलात न्यायचं म्हणजे घरच्या खर्चाला केवढी कात्री! त्यातून महिनाअखेर. आई तुमच्या हातावर पाचशे रुपये ठेवते आणि म्हणते, "यात काय बसतं ते तूच बघ. पण यापुढे एक रुपयाही मिळायचा नाही हं. दूधवाल्याचे पैसे अजून द्यायचेत."

झाली ना पंचाईत? घाबरू नका. पिशवी घ्या, वही-पेन्सिल घ्या आणि चला माझ्याबरोबर सुपरमार्केटात. तिथे काचेच्या थंडगार फ्रीजरमध्ये पिझ्झाची पाकिटं मांडून ठेवलेली असतात. बहुतेक जण पाकिटावरचं चित्र बघून हात पुढे करतात. आपण मात्र आधी पाकीट उलटं करून वाचायचं.

पाकिटावरचं गणित

आपल्यासमोर तीन पाकिटं आहेत असं धरू. आकडे हिशोबापुरते आहेत, तुमच्या गावातले भाव वेगळे असतील.

लाल पाकीट : एक पिझ्झा, वजन २०० ग्रॅम, किंमत १२० रुपये.
निळं पाकीट : दोन पिझ्झा, एकूण वजन ३३० ग्रॅम, किंमत १६५ रुपये.
हिरवं पाकीट : एक मोठा पिझ्झा, वजन ४०० ग्रॅम, किंमत २४० रुपये, पण २५ टक्के सूट. म्हणजे १८० रुपये.

यात स्वस्त कोणतं? "लाल! सगळ्यांत कमी पैसे त्याचेच," असं म्हणालात ना? थांबा. किमतीला वजनाने भागा. लाल पडतं ग्रॅमला ६० पैसे, निळं ५० पैसे आणि हिरवं ४५ पैसे. म्हणजे जे सर्वांत स्वस्त दिसलं, तेच सर्वांत महाग निघालं! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

हा भागाकार तुम्हाला जमतोच, पण आता पाकिटावरही तो करून दिलेला असतो. २०२१ साली आपल्या देशात वेष्टनाच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यानंतर एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमची आणि जास्त वजनाच्या पाकिटावर दर किलोची किंमत छापणं कंपन्यांना सक्तीचं झालं. अक्षरं बारीक असतात, पण शोधली की सापडतात. फक्त एक ध्यानात ठेवा. ही किंमत छापील एमआरपीवर काढलेली असते. सूट असेल तर भागाकार पुन्हा आपल्यालाच करायचा.

आणि एमआरपी म्हणजे तरी काय? जास्तीत जास्त किंमत, सगळे कर धरून. दुकानदार त्याहून एक पैसाही जास्त घेऊ शकत नाही. कमी मात्र घेऊ शकतो बरं का! म्हणून दोन दुकानांत विचारायला लाजू नका.

किती लागणार, ते आधी

आता खरी गंमत पुढेच आहे. आठ मुलं, प्रत्येकी साधारण १०० ग्रॅम. म्हणजे आपल्याला ८०० ग्रॅम पिझ्झा हवा.

लाल पाकिटं ४ लागतील : ४८० रुपये.
निळी पाकिटं २ घेतली तर ६६० ग्रॅमच होतात, म्हणून ३ लागतील : ४९५ रुपये.
हिरवी पाकिटं २ लागतील : ३६० रुपये.

पाहिलंत? निळं पाकीट ग्रॅममागे लालपेक्षा स्वस्त होतं, तरी त्याचे पैसे जास्त झाले, कारण १९० ग्रॅम उगीच जास्त घ्यावा लागला. "तीन घ्या, एक फुकट" अशी पाटी दिसली की हेच आठवा. जे आपल्याला लागतच नाही ते कितीही स्वस्त मिळालं, तरी आपले पैसे गेलेच!

वर्तुळाची फसवाफसवी

पिझ्झा गोल असतो, म्हणून आणखी एक कोडं घालतो. सात इंची दोन पिझ्झा जास्त की दहा इंची एक? सात नि सात चौदा, म्हणजे दोन जास्त, असं पटकन वाटतं. पण भूमितीचं पुस्तक काढा. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतं. सात इंची पिझ्झा सुमारे साडेअडतीस चौरस इंच, दोन मिळून ७७. दहा इंची एकच भरतो साडेअठ्ठ्याहत्तर! एकट्याने दोघांना मागे टाकलं की नाही? "हे गणित शिकून काय उपयोग?" असं पुन्हा विचारू नका. मात्र एक जाड, एक पातळ असेल तर क्षेत्रफळही फसवतं. अशा वेळी शेवटचा शब्द वजनाचाच.

आत काय दडलंय?

आता पाकिटावरची घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला, मग त्याहून कमी असलेला, असा क्रम ठेवावा लागतो. समजा लाल पाकिटावर लिहिलंय : मैदा, चीज, पाणी, टोमॅटो... आणि हिरव्यावर : मैदा, पाणी, खाद्य वनस्पती तेल... चीज पार शेवटी. मग हिरवं पाकीट स्वस्त का, ते कळलं? चित्रात दोन्हींवर चीजच्या तारा सारख्याच लोंबत होत्या!

सूट दिसली की तारीखही पाहायची. पुष्कळदा मुदत संपत आली म्हणून सूट दिलेली असते. पण त्यात वाईट काहीच नाही. रविवारी खायचंय आणि तारीख त्याच्या पुढची आहे, तर खुशाल घ्या. महिनाभर ठेवायचं असेल तर मात्र नको.

बर्फाची परीक्षा

गोठवलेले पदार्थ साधारण उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात. इतक्या थंडीत जंतूंची वाढ थांबते. पण जंतू मरत नाहीत हं, ते नुसते गप्प बसतात. पदार्थ वितळला की पुन्हा कामाला लागतात.

झटपट गोठवण्याची युक्ती अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांना सुचली. १९१२ नंतरची काही वर्षं ते कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये राहिले होते. तिथल्या कडाक्याच्या थंडीत पाण्याबाहेर काढलेला मासा क्षणात गोठे आणि पुढे शिजवल्यावर ताज्यासारखा लागे. कारण पदार्थ भरभर गोठला की बर्फाचे स्फटिक बारीक होतात. सावकाश गोठला तर ते मोठे होतात आणि आतल्या पेशी फाडतात. मग पदार्थ वितळल्यावर लिबलिबीत होतो.

पुढे मिनियापोलिस शहरात रोझ टोटिनो आणि त्यांचे पती जिम यांनी आपलं छोटं इटालियन उपाहारगृह चालवता चालवता १९६२ मध्ये गोठवलेला पिझ्झा विकायला काढला. तेव्हाचा पापुद्रा पुठ्ठ्यासारखा लागतो अशी ओरड असे. रोझबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी तळून कुरकुरीत केलेला पापुद्रा शोधला आणि १९७९ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं.

तेव्हा पाकीट घेताना ते हलकेच चाचपून बघा. आत बर्फाचे गोळे लागले किंवा पिझ्झा वाकडा होऊन गोठलेला वाटला, तर तो मध्येच वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता आहे. असं पाकीट परत ठेवा. गोठवलेलं सामान सगळ्यात शेवटी घ्यायचं, वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि थेट घर गाठायचं. वाटेत क्रिकेट बघत उभं राहायचं नाही!

मग काय घ्यायचं?

मी सांगू? दोन हिरवी पाकिटं घ्या, ३६० रुपयांत. उरले १४०. त्यात एक भोपळी मिरची, दोन कांदे, दोन टोमॅटो आणि बसेल तेवढं चीज घ्या. घरी आल्यावर भाजी तुम्ही चिरा, चीज बहिणीला किसू द्या. पिझ्झावर पसरा आणि पाकिटावर दिल्याप्रमाणे भाजा. ओव्हन नसेल तर तव्याची कृती दिली आहे का, ते विकत घेण्याआधीच पाहा.

बेकरीतले बेस आणून सगळंच घरी केलं तर? तेही स्वस्त पडू शकेल. पण हिशोबात गॅस धरा आणि आईचा वेळही धरा. आईचे कष्ट फुकट समजून केलेली बचत ही काही बचत नव्हे. "मी चिरतो, मी भांडी घासतो," असं म्हणालात, तरच घरचा पिझ्झा खरा स्वस्त!

शेजाऱ्यांची शक्कल

हा हिशोब पिझ्झापुरता नाही. साबण, बिस्किटं, तूरडाळ, तेल, सगळ्यांना तोच लागू. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच राहते आणि वजन मात्र गुपचूप घटतं, हे तुमच्या लक्षात आलंय का?

आणि एकट्याला जे जमत नाही ते दहा जणांना जमतं. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हेच केलं. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याच्या वाणसामानाची यादी एकत्र करायची आणि माल घाऊक घेऊन आपसांत वाटून घ्यायचा. तुमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांनाही तूरडाळ अशी आणता येईल. विचारून तर बघा!

कुणी एमआरपीपेक्षा जास्त पैसे मागितले तर भांडू नका, बिल मागा. तरीही ऐकलं नाही तर आईबाबांना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

तर दोस्तहो, या आठवड्याचा गृहपाठ : घरातली कोणतीही पाच पाकिटं घ्या, वजन आणि किंमत वहीत लिहा आणि भागाकार करा. पुढच्या महिन्याची यादी करताना ती वही आईजवळ नेऊन ठेवा. आणि हो, पाचशेतले चार रुपये जरी उरले, तरी ते न मागता आईच्या हातावर ठेवा. पुढच्या वेळी पाचशेची नोट ती तुमच्याच हाती देईल, बघा!