डायोड की थायरिस्टर: सिंगल फेज रेक्टिफायरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील बॅटरी चार्जर असो किंवा सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जाणाऱ्या पुणे–मिरज मार्गावर २५ किलोव्होल्टच्या तारेखाली धावणारे विद्युत इंजिन असो, दोहोंना सिंगल फेज प्रत्यावर्ती वीज मिळते आणि ती आधी एकदिश करून घ्यावी लागते. हे काम करणाऱ्या मंडलाला रेक्टिफायर म्हणतात. त्यात डायोड घालावा की थायरिस्टर, हा निर्णय पुष्कळदा ‘डायोड जुना, थायरिस्टर नवा’ एवढ्याच समजुतीवर घेतला जातो. थायरिस्टर १९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार झाला हे खरे, परंतु त्यामुळे डायोड कालबाह्य झाला नाही, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. डायोड अनुकूल दाब मिळताच वाहू लागतो. थायरिस्टर मात्र दाब अनुकूल असूनही गेट या तिसऱ्या अग्रावर स्पंद येईपर्यंत थांबतो, आणि अंशांत मोजल्या जाणाऱ्या या विलंबाला फायरिंग अँगल म्हणतात. एकदा चालू झालेला साधा थायरिस्टर गेटकडून बंद करता येत नाही. प्रवाह जवळजवळ शून्यावर आल्यावरच तो बंद होतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की, पुरवठ्याचा दाब घसरला तरी थायरिस्टर तो वाढवून देतो. चार डायोडांच्या पुलाला (ब्रिज रेक्टिफायरला) २३० व्होल्ट दिले, तर सरासरी सुमारे २०७ व्होल्ट एकदिश दाब मिळतो आणि विजेची मागणी जास्त असताना पुरवठा १९० व्होल्टवर आला, तर तो १७१ व्होल्टपर्यंत उतरतो. थायरिस्टरांचा पूलही १९० व्होल्टवर याहून अधिक देऊ शकत नाही, कारण फायरिंग अँगल शून्य असताना तो डायोडांच्या पुलासारखाच वागतो आणि अँगल वाढवल्यास दाब फक्त कमी होतो. त्यामुळे दाब स्थिर ठेवायचा असेल, तर ट्रान्सफॉर्मर आधीच थोड्या जास्त दाबाचा निवडून नेहमीच्या पुरवठ्यावर अँगल मोठा ठेवावा लागतो, म्हणजे दाब घसरल्यावर अँगल कमी करून भरपाई करता येते. जिथे कधीच बदलता दाब लागत नाही, अशा ठिकाणी थायरिस्टर बसवणे म्हणजे गेट मंडलाचा खर्च आणि बिघाडाची एक जास्तीची जागा विकत घेणे होय.

थायरिस्टर वीज वाचवतो, हेही सरसकट खरे नाही. रोधकात वीज जाळून दाब कमी करण्यापेक्षा तो निश्चित काटकसरी आहे. पण पूर्ण दाबावर डायोडाशी तुलना केली, तर उलटे घडते. पुलात एका वेळी दोन घटक वाहतात. प्रत्येक डायोडावर सुमारे १ व्होल्ट आणि प्रत्येक थायरिस्टरवर सुमारे दीड व्होल्ट दाब खर्ची पडतो असे धरल्यास, २० अँपिअरला अनुक्रमे ४० आणि ६० वॉट उष्णता निर्माण होते आणि थायरिस्टरला हीटसिंक मोठा लागतो.

पॉवर फॅक्टरबाबतही एकतर्फी निष्कर्ष टिकत नाही. मोटरसारख्या, प्रवाह अखंड ठेवणाऱ्या भारावर चार थायरिस्टरांच्या पुलाकडून निम्मा दाब घेताना अँगल ६० अंश होतो आणि प्रवाहाच्या विलंबामुळे येणारा गुणक ०.५ वर येतो; दोन थायरिस्टर व दोन डायोडांच्या अर्धनियंत्रित पुलात तोच निम्मा दाब ९० अंशांवर मिळतो, पण गुणक सुमारे ०.७१ राहतो. दुसरीकडे, डायोडांच्या पुलापुढे मोठा कपॅसिटर जोडला की प्रवाह अरुंद शिखरांच्या रूपात ओढला जातो, तरंग विकृत होतो आणि ‘डायोड म्हणजे चांगला पॉवर फॅक्टर’ ही खात्रीही फोल ठरते.

रेल्वेने हे दोन्ही मार्ग अनुभवले आहेत. डब्ल्यूएजी-५ आणि डब्ल्यूएपी-४ या इंजिनांत रेक्टिफायर डायोडांचाच आहे आणि दाब बदलण्याचे काम ट्रान्सफॉर्मरवरील ३२ टप्प्यांचा टॅप चेंजर करतो, म्हणून डायोडांनी नियंत्रण अशक्य होते असे म्हणणे चुकीचे ठरते. नियंत्रणाची जागा फक्त बदलते आणि ते पायरीपायरीने होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या आसिया आणि जपानच्या हिताची कंपन्यांकडून आणलेल्या डब्ल्यूएजी-६ इंजिनांत थायरिस्टर वापरून दाब सलग बदलण्याची सोय झाली. पुणे–मिरज मार्गावरील आदर्कीसारखा घाट उतरताना मोटरची ऊर्जा तारेकडे परत पाठवायची असेल, तर डायोडांचा किंवा अर्धनियंत्रित पूल निरुपयोगी आहे. चारही घटक थायरिस्टर असावे लागतात, अँगल ९० अंशांच्या पुढे न्यावा लागतो आणि मोटरच्या दाबाची दिशाही उलटावी लागते.