घुंगरू, शंख आणि गाठी

माणूस दमतो, घोडाही दमतो; निरोप मात्र दमत नाही. म्हणून दमलेल्याच्या हातून निरोप घ्यायचा आणि ताज्या दमाच्या माणसाकडे सोपवायचा. चिनी, मंगोल आणि दक्षिण अमेरिकेतील इंका या तिन्ही समाजांची राज्ये या साध्या युक्तीवर उभी होती. चिन्यांचे मंगोलांना ठाऊक होते. पण इंकांना या दोघांचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते. मध्ये अख्खा पॅसिफिक महासागर होता. तरीही टप्पे, चौक्या, ठरलेल्या पाळ्या आणि पुढच्या माणसाला आधीच सावध करणारा आवाज या गोष्टी अँडीज पर्वतातही आढळतात. फरक पडतो तो एका प्रश्नाच्या उत्तरात : ही डाक कोणाच्या जिवावर चालायची? या तीन राज्यांची घडण समजून घ्यायची तर राजवाड्यापेक्षा रस्त्याकडेची चौकी अधिक सांगून जाते.

चीनमध्ये या व्यवस्थेचा पुरावा चक्क एका कारकुनाच्या थडग्यात मिळाला. हूबेई प्रांतातील श्वेहूदी येथे १९७५ मध्ये उत्खनन झाले. इ.स.पू. २१७ च्या सुमारास पुरलेल्या एका स्थानिक अधिकाऱ्याच्या देहाभोवती बांबूच्या अकराशेहून अधिक पट्ट्या रचून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांवर छिन राज्याचे कायदे लिहिलेले होते. त्यांतले काही नियम टपालाचे आहेत. पत्र निघाले कधी आणि पोचले कधी, तो महिना, तो दिवस, सकाळ की संध्याकाळ, हे लिहून ठेवलेच पाहिजे. तातडीचे पत्र हाती पडताक्षणी पुढे धाडायचे. साधे असेल तरी दिवस मावळेपर्यंत ठेवून घ्यायचे नाही. म्हाताऱ्या, अशक्त किंवा बेभरवशाच्या माणसाकडे पत्र द्यायचे नाही. अवघ्या चीनचे एक राज्य होऊन (इ.स.पू. २२१) जेमतेम चार वर्षे लोटली होती, आणि राज्य म्हणजे वेळेवर पोचलेला कागद, ही समज एवढी पक्की झालेली होती. कागद हा शब्द इथे सैल अर्थाने वापरला आहे. खरा कागद दरबारात रुजायला अजून तीन शतके होती.

हान काळातील चौकीचे रोजचे जगणे डुनह्वांगजवळच्या श्वेनच्वान येथे दिसते. वाळवंटाच्या कडेला असलेली ही चौकी १९९० ते १९९२ या काळात खणली गेली आणि तिथल्या कोरड्या मातीतून लिहिलेल्या वीस हजारांहून अधिक पट्ट्या निघाल्या. त्यांत इ.स.पू. ६२ या वर्षाचा कोंबड्यांचा जमाखर्च आहे. सरकारकडून किती कोंबड्या आल्या, चौकीने स्वतः किती विकत घेतल्या, कोणत्या पाहुण्याच्या ताटात किती गेल्या, तो किती वेळा जेवला आणि पुढे पूर्वेला गेला की पश्चिमेला, याची सगळी नोंद आहे. रेशीम मार्गाचे वर्णन करताना उंटांचे तांडे आणि रत्ने यांचीच चित्रे रंगवली जातात. तो मार्ग टिकला तो मात्र एकेका कोंबडीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांमुळे.

थांग राजवटीत (६१८–९०७) चौक्यांची संख्या सोळाशेच्या वर गेली. सामान्यतः ३० ली अंतरावर, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटरवर, एक चौकी असे. राबणारे मात्र आसपासच्या गावांतले शेतकरी होते, आणि ते वेठीने राबत. सोंग राजवटीच्या पहिल्या सम्राटाने ९६१ मध्ये हुकूम काढून हे काम गावकऱ्यांकडून काढले आणि सैनिकांवर सोपवले. चिनी प्रशासनाच्या इतिहासात या निर्णयाला मिळते त्यापेक्षा मोठे स्थान मिळायला हवे, कारण लक्षावधी घरांच्या मानेवरचे जू त्यामुळे थोडे तरी हलके झाले. अकराव्या शतकातला विद्वान अधिकारी शेन क्वो याने तातडीच्या डाकेचे वर्णन केले आहे. लाल लाखेच्या लाकडी पाटीवर सोनेरी अक्षरे असत आणि ती घेतलेला स्वार दिवसाला ५०० ली अंतर तोडी. तो विजेसारखा येताना दिसला की वाटेवरचे लोक बाजूला होत.

मंगोलांची सुरुवात अगदी वेगळ्या ठिकाणाहून झाली. त्यांच्याकडे कोठारे नव्हती, कारकून नव्हते, आणि १२०४ च्या सुमारास उइघुरांकडून घेतली तोवर लिपीही नव्हती. होते ते घोडे आणि गवताळ माळ. १२०६ मध्ये ओनोन नदीकाठच्या सभेत तेमुजिन ‘चंगीझ खान’ झाला आणि त्याने जमातींची जुनी रचना मोडून सगळे लोक दहाच्या पटीत बांधले. दहांचा अर्बान, शंभरांचा जगुन, हजारांचा मिंगान, दहा हजारांचा त्युमेन. कोणी कोणत्या कुळात जन्मला यापेक्षा तो कोणत्या हजारात मोडतो, हे महत्त्वाचे झाले. या मोजणीवरच पुढे डाक उभी राहिली.

ती उभी केली चंगीझचा मुलगा ओगेदेई याने. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात त्याचे कारण स्पष्ट दिले आहे. दूत वाटेल त्या वस्तीतून दौडत जात, त्यामुळे त्यांना उशीर होई आणि लोकांनाही जाच होई. म्हणून १२३४ च्या सुमारास ठरले की जागोजागी ‘जाम’ म्हणजे चौक्या वसवाव्यात. प्रत्येक हजाराने आपल्यातून चौकीदार आणि घोड्यांचे राखणदार द्यावेत. प्रत्येक चौकीत वीस घोडेवाले असावेत. दूतांच्या जेवणासाठी मेंढ्या, दुधासाठी घोड्या, ओढण्यासाठी बैल आणि गाड्या असाव्यात. नेमून दिलेल्या सामानात दोरीचा तुकडा कमी भरला तरी शिक्षा ठेवलेली होती. ओगेदेईचा भाऊ चगताई आणि पुतण्या बातू यांनी आपापल्या मुलखातून पुढचे टप्पे जोडून दिले. आयुष्यात आपण चार चांगली कामे केली, असे ओगेदेई या ग्रंथात म्हणतो, आणि त्यांत ही डाक आहे. मंगोल म्हटले की जळालेली शहरे आठवतात आणि ती आठवणे योग्यच आहे. पण लोकांचा जाच कमी व्हावा म्हणून त्यांच्याच एका राजाने काम हाती घेतले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

कुबलाई खानाच्या काळात ही व्यवस्था चिनी व्यवस्थेत मिसळली आणि तेव्हाचे तिचे चित्र मार्को पोलोने रेखाटले. दर तीन मैलांवर पायी धावणाऱ्यांची वस्ती असे. धावणारा कमरेला घुंगरांचा रुंद पट्टा बांधी. दुरून घुंगरू वाजले की पुढच्या वस्तीतला माणूस तयार होऊन उभा राही, निरोप हातात घेई आणि पळत सुटे. प्रत्येक ठिकाणी एक कारकून येण्याजाण्याची वेळ टिपून ठेवी. श्वेहूदीच्या पट्ट्यांवरचाच नियम, दीड हजार वर्षांनंतर. मार्को पोलोने दिलेले घोड्यांचे आणि चौक्यांचे एकूण आकडे फुगवलेले असू शकतात. त्या घुंगरांबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही, कारण चौदाव्या शतकात इब्न बतूता याने हिंदुस्थानात तसेच काही पाहिले. मुहम्मद तुघलकाच्या राज्यात मैलाला तीन या हिशेबाने हरकाऱ्यांच्या चौक्या होत्या. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याचे घुंगरू लावलेली काठी घेऊन हरकारा धावे. सुलतान दौलताबादेत असला की चाळीस दिवसांच्या वाटेवरून गंगेचे पाणी असेच त्याच्यापर्यंत पोचवले जाई. घोड्यांच्या डाकेला इब्न बतूता ‘उलक’ म्हणतो, आणि तो शब्द तुर्क-मंगोल प्रदेशातलाच आहे.

ओगेदेईने जो जाच टाळायला ही सोय काढली, तो जाच त्याच सोयीतून परत आला. चौकी चालवणे हे पिढीजात कर्तव्य ठरले. चीनमध्ये अशा घरांची वेगळी नोंद होती. त्यांना काही करांची सूट मिळे, पण घोडे पाळणे, मेले तर नवे आणणे आणि आल्यागेल्याला जेवू घालणे त्यांच्याच माथी होते. परवान्याची धातूची पाटी गळ्यात असली की कोणीही घोडा मागू शके, आणि अशा पाट्या व्यापाऱ्यांच्या हातीही गेल्या. १२५१ मध्ये गादीवर आलेल्या मोंगके खानाने व्यापाऱ्यांना डाकेचे घोडे वापरायला बंदी केली आणि दूतांनी किती घोडे घ्यावेत यावर मर्यादा घातली. इराणात गाझान खानाला (१२९५–१३०४) तेच दुखणे पुन्हा आवरावे लागले. त्याचा वजीर रशीदुद्दीन लिहितो की दूत वाटेवरच्या शेतकऱ्यांची जनावरे ओढून नेत आणि लोकांच्या घरात मुक्काम ठोकत.

मंगोल गेल्यावर मिंग राजवटीनेही चौक्या राखल्या. १६२९ मध्ये खजिना रिता झाल्यामुळे त्यांतल्या बऱ्याच बंद केल्या गेल्या आणि वायव्येकडच्या शान्शी प्रांतात चौकीवरच्या माणसांची रोजी गेली. तिथेच दुष्काळही पडलेला होता. चौकीवर काम केलेला ली झिचेंग बंडखोरांना जाऊन मिळाला, त्यांचा पुढारी झाला आणि १६४४ मध्ये त्याने बीजिंग घेतले. शेवटच्या मिंग सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला.

आता अँडीज. घोडा अमेरिका खंडातून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झालेला होता. ओझ्यासाठी होता तो लामा. तो २५-३० किलो वाहतो, पण त्यावर माणूस बसत नाही. गाडीचे चाक वापरात नव्हते आणि आपण ज्याला लेखन म्हणतो तेही नव्हते. अशा स्थितीत, पंधराव्या शतकाच्या मध्यापासून शंभरएक वर्षांच्या आत, कुस्को या शहराभोवती ‘तावांतिन्सुयु’ म्हणजे चार प्रदेशांचे एकत्र राज्य उभे राहिले. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण भागापासून चिली आणि अर्जेंटिनापर्यंत ते पसरले होते. त्याच्या रस्त्यांचे जाळे सुमारे ३०,००० किलोमीटरचे होते. हे रस्ते पायांसाठी बांधलेले होते, म्हणून चढावर सरळ दगडी पायऱ्या येत. दऱ्यांवर गवताच्या दोरांचे झुलते पूल असत. आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा असा एक पूल आजही आसपासची गावे दर वर्षी गवत वळून नव्याने बांधतात.

या रस्त्यांवर ‘चास्की’ धावत. त्यांच्या जोडझोपड्या ठरावीक अंतरावर असत. झोपडी जवळ आली की चास्की शंख फुंकी. पुढचा माणूस बाहेर येई आणि दोघे काही पावले बरोबर पळत. तेवढ्यात तोंडी निरोप सांगून व्हायचा आणि हातातली वस्तू सोपवली जायची. ग्वामान पोमा या अँडीजवासी लेखकाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण केलेल्या हस्तलिखितात चास्कीचे चित्र काढले आहे, आणि त्यात शंख तोंडाला लावलेला स्पष्ट दिसतो. समुद्राची ताजी मासळी डोंगरातल्या कुस्कोला दोन दिवसांत पोचे, असे स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवले आहे.

चास्कीच्या हातात पुष्कळदा दोऱ्यांचा एक जुडगा असे. त्याचे नाव ‘किपू’. एका जाड दोरीला अनेक बारीक दोऱ्या लोंबत आणि प्रत्येकीवर गाठी असत. २४३ हा आकडा मांडायचा तर दोरीच्या वरच्या भागात दोन साध्या गाठी, मध्ये चार, आणि टोकाजवळ तीन वेढ्यांची एक लांब गाठ. शून्य असेल तिथे जागा मोकळी. एकक, दशक, शतक ही आपल्या ओळखीचीच मांडणी इथे बोटांनी चाचपता येते. दोऱ्यांचे रंग आणि पीळ यांतून आणखी काय सांगितले जाई, याचा अभ्यास अजून चालू आहे. किपू वाचणारे ‘किपुकामायोक’ प्रत्येक प्रांतात नेमलेले असत. लोकांची मोजणीही दहाच्या पटीतच होती : दहा घरांची चुंका, शंभरांची पचका, हजारांची वरांका, दहा हजारांचा हुनु. मंगोलांच्या अर्बान ते त्युमेन या चढणीशी ती पायरीला पायरी जुळते. एकाने दुसऱ्याकडून घेतले, असे इथे म्हणता येत नाही. हाताला दहा बोटे असलेल्या माणसांना लाखो लोकांची कामे वाटून द्यायची वेळ आली की ती अशी वाटली जातात.

इंका राज्यात नाणे नव्हते. कर म्हणजे श्रम, आणि ते पाळीने द्यायचे. या पाळीला ‘मिता’ म्हणत. चास्कीही पाळीनेच येत आणि पाळी संपली की आपल्या शेताकडे परतत. पाळीवर असलेल्या माणसाला सरकारी कोठारातून खायला मिळे. एकट्या वानुको पाम्पा या ठिकाणी डोंगरउतारावर अशी पाचशेच्या आसपास कोठारे ओळीने उभी होती. ही वेठच होती आणि तिला गोड नाव द्यायचे कारण नाही. तरी राबणाऱ्याचे पोट राज्याने भरायचे हा नियम तिच्यात होता, आणि मंगोलांच्या चौकीवरच्या घरांना नेमकी तीच गोष्ट मिळत नव्हती.

१५३२ मध्ये फ्रान्सिस्को पिझारो १६८ माणसे घेऊन याच रस्त्यांवरून काहामार्काला गेला आणि पुढे याच कोठारांवर त्याचे सैन्य जगले. त्याच्या आधी युरोपातून आलेली देवीची साथ याच वस्त्यांमधून पसरली होती, असे अनेक इतिहासकार मानतात. स्पॅनिश लोकांनी धावणारे ठेवले. कोठारे भरणे मात्र थांबले. १५४३ मध्ये गव्हर्नर वाका दे कास्त्रो याला रस्त्यावरच्या मुक्कामांसाठी नियम काढावे लागले, कारण माणसे पळून जाऊन ते ओस पडत चालले होते. किपूंवर पुढे चर्चची नजर गेली. १५८३ च्या लिमा येथील धर्मसभेने त्यांपैकी जुन्या श्रद्धांशी जोडलेले किपू नष्ट करण्याचा आदेश दिला.

त्याआधी, १५६१ मध्ये, हाउहा खोऱ्यातले वांका प्रमुख लिमाच्या न्यायालयात उभे राहिले. इंकांविरुद्ध ते स्पॅनिश लोकांच्या बाजूने लढले होते आणि १५३३ पासून त्यांनी काय काय पुरवले याची भरपाई त्यांना हवी होती. त्यांच्या किपुकामायोकांनी दोऱ्या हातात घेतल्या आणि एकेक गाठ चाचपत वाचून दाखवली : इतके लामा, इतका मका, इतकी मडकी, इतके सरपण, इतकी ओझेवाली माणसे. आपणहून दिलेले सामान एकीकडे आणि लुटून नेलेले दुसरीकडे, असा हिशेब वेगवेगळा ठेवलेला होता. न्यायालयाच्या लेखनिकाने तो कागदावर उतरवून घेतला.