शकुंतलाबाईंचा सांधा
पोलादी पुलाचं दुखणं सांध्यात असतं. दोन तुळया जोडायच्या तर भोकं पाडून रिव्हेट किंवा बोल्ट मारा, नाहीतर वेल्डिंग करा. भोक पाडलं की तिथलं पोलाद तेवढं घटतं. वेल्डिंगला कसबी हात आणि कडक तपासणी लागते. डोंगरात दोन्हींची वानवा. पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या शकुंतला भगत यांनी नेमकं हेच दुखणं हेरलं.

माहेरच्या त्या जोशी. वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतलं दबदब्याचं नाव. शकुंतलाबाई १९५३ मध्ये व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियंता झाल्या, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकल्या. ‘देशातली पहिली महिला स्थापत्य अभियंता’ असं त्यांच्याविषयी सर्रास छापून येतं. ते खरं नाही, पी. के. थ्रेशिया १९४४ मध्येच मद्रासच्या गिंडी कॉलेजातून स्थापत्य अभियंता झाल्या होत्या. पहिलेपणाच्या या हौसेत बाईंचं खरं काम झाकलं जातं, ही माझी तक्रार.

ते काम म्हणजे पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत काढलेली क्वाड्रिकॉन ही कंपनी. प्रत्येक पुलासाठी नवं आरेखन आणि नवे भाग कशाला? ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात बनवायचे आणि तेच निरनिराळ्या रचनेत जोडून हवी ती लांबी-रुंदी साधायची. मुलांच्या मेकॅनोसारखंच, फक्त वरून ट्रक जाणार. त्यासाठी सांधाही नवा हवा होता. तो ‘युनिशिअर’ जोड त्यांनीच घडवला. संशोधनाला कुणी पैसा देईना, तेव्हा नवरा-बायकोने पदरचा घातला. १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत त्यांचा पहिला पूल उभा राहिला.

सुटे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडण्याची रीत आता मुंबईच्या उपनगरांच्या अंगवळणी पडली आहे. आरेहून निघणाऱ्या मेट्रो-३च्या भुयाराला आतून काँक्रीटच्या तयार वक्र तुकड्यांची कडी आहेत. भुयार खणणारं यंत्र पुढे सरकतं तशी ती जोडत न्यायची. या ३३.५ किलोमीटरच्या प्रकल्पाची धुरा २०१५ मध्ये सांगलीच्या अश्विनी भिडे यांच्याकडे आली. रूळ, सिग्नल, हवा खेळवणं, फलाटाचे दरवाजे अशा अनेक कंत्राटदारांच्या कामांची सांगड घालणं हे अशा प्रशासकाचं काम. तो सांधा नकाशात दिसत नाही, पण निखळला तर गाडी धावत नाही.

२०२३ मध्ये आकुर्ली आणि एकसर ही मेट्रो स्थानकं पूर्णपणे महिलांच्या हाती सोपवली गेली. चांगलंच झालं. पण शकुंतलाबाईंची जागा आरेखनाच्या टेबलावर होती, आणि तिथे किती जणी बसतात ही मोजदाद मला अधिक मोलाची वाटते.