विश्लेषण : ‘व्हिसेरा राखून ठेवला’, पण पुढे तो तपासतो कोण? चाळीसगावातून फॉरेन्सिकमध्ये करिअरची वाट कशी?

कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्याला चक्कर येते. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झालेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीची शेवटची ओळ खान्देशात सगळ्यांच्या ओळखीची आहे : ‘अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली असून व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’

बातमी इथे संपते, पण घरच्यांची प्रतीक्षा इथून सुरू होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी वारसांना २ लाख रुपये मिळतात. फवारणीतील विषबाधेचाही त्यात समावेश आहे. मात्र विष नेमके कोणते, हे सांगणारा अहवाल प्रयोगशाळेतून यावा लागतो. तो तयार करणारी व्यक्ती मालिकेतल्या ‘सीआयडी’सारखी नसते. बहुतेक वेळा ती रसायनशास्त्राची पदवीधर असते. चाळीसगाव तालुक्यातल्या बारावी सायन्सच्या विद्यार्थ्याला त्या टेबलापर्यंत पोहोचता येते का? त्यासाठी काय शिकावे लागते?

फॉरेन्सिकची मागणी एकदम का वाढली?

याचे मुख्य कारण कायद्यातला बदल. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम १७६(३) नुसार ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरणही करायचे आहे. ही तरतूद लागू करण्यासाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे.

पूर्वी नमुना प्रयोगशाळेत यायचा, आता तज्ज्ञालाही घटनास्थळी जावे लागणार. त्यासाठी माणसे लागतात आणि वाहनेही. राज्याने अडीचशेहून अधिक फिरत्या फॉरेन्सिक व्हॅनचा प्रकल्प हाती घेतला. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये फॉरेन्सिक पायाभूत सुविधांसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नव्या प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची नवी केंद्रे तिच्यात येतात.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम काय असते?

व्हिसेऱ्याचेच उदाहरण घेऊ. शवविच्छेदनात डॉक्टर जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे तुकडे बरणीत ठेवतात. ते टिकावेत म्हणून सहसा मिठाचे संपृक्त द्रावण वापरतात. बरणीला लाखेचे सील लागते आणि पोलीस ती प्रयोगशाळेत जमा करतात. सील तुटलेले असेल किंवा कागदावरचा नमुना क्रमांक बरणीवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पुढे अवयवांतून विष वेगळे काढले जाते. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर ते सरकते, त्यावर रसायन फवारले की ठरावीक रंगाचा ठिपका उमटतो. ठिपक्याची जागा आणि रंग यावरून कीटकनाशकाचा गट कळतो. जीसी-एमएस या यंत्रावर त्याची खात्री केली जाते. अशी फवारणी रसायने शोधण्यात मुंबईतल्या कलिना प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी मोठे काम केले असून त्यांचे शोधनिबंधही प्रसिद्ध आहेत.

अपघातातल्या चालकाच्या रक्ताची तपासणी हेही रोजचे काम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर तो गुन्हा ठरतो. आकडा ३० च्या अलीकडे की पलीकडे, यावर एखाद्याचा खटला अवलंबून असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अहवाल ‘क्लोरपायरीफॉस आढळले’ एवढेच सांगू शकतो. ते फवारताना अंगात गेले, चुकून प्यायले गेले की कुणी पाजले, हे बरणीतून कळत नाही. ते ठरवायला पंचनामा, जबाब आणि डॉक्टरांचे मत लागते. जे सिद्ध होत नाही ते न लिहिणे, हाही या नोकरीचा मोठा भाग आहे. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल संहितेच्या कलम ३२९ नुसार पुरावा म्हणून वाचता येतो. पण न्यायालय तज्ज्ञाला साक्षीला बोलावू शकते आणि तिथे त्याला प्रत्येक शब्दाचा जाब द्यावा लागतो.

चाळीसगावहून कुठे जावे लागेल?

चाळीसगाव जंक्शन आहे आणि या विषयाच्या वाटाही इथून तीन दिशांना जातात.

• धुळे : ५६ किलोमीटरच्या शाखा मार्गावरून मेमूने जाता येते. इथे राज्याची लघु न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे.

• नाशिक : मुंबईकडच्या मुख्य लोहमार्गावर. इथे विभागीय प्रयोगशाळा आहे. मुख्यालय त्याच मार्गावर पुढे, मुंबईत कलिन्याला.

• छत्रपती संभाजीनगर : कन्नड घाट चढून पलीकडे. इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत या विषयाचे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळते. अशा शासकीय संस्था मुंबई आणि नागपुरातही आहेत.

महाराष्ट्राबाहेर गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. २०२० च्या संसदीय कायद्याने त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. गोव्यात त्याचे केंद्र असून नागपुरातही ते सुरू झाले आहे. प्रवेशासाठी ‘एनफॅट’ ही परीक्षा असते.

फॉरेन्सिकचीच पदवी हवी का?

पालकांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो. राज्याच्या प्रयोगशाळांनी २०२४ मध्ये १२५ पदांची जाहिरात काढली, तेव्हा वैज्ञानिक सहायक पदासाठी रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी घेतलेल्यांनाही दार खुले होते. वरची राजपत्रित पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. केंद्रीय प्रयोगशाळांपैकी एक पुण्यात आहे.

म्हणजे गावातल्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची आणि पुढे एम.एस्सी. फॉरेन्सिक किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्राकडे वळायचे, हा स्वस्त आणि भक्कम मार्ग आहे. सरकारी जागा निघाली नाही, तरी औषध कंपनी, अन्न तपासणी किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत हीच पदवी चालते. फक्त फॉरेन्सिकची पदवी घेतली तर विषयाची ओळख लवकर होते, पण नोकरीचे पर्याय तुलनेने कमी राहतात. पूर्ण राज्यासाठी १२५ जागा, हा आकडा प्रवेश घेताना डोळ्यांसमोर ठेवावा.

अंगुलीमुद्रा म्हणजे बोटांच्या ठशांचे काम या प्रयोगशाळांत होत नाही. ते राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे पोलीस खात्याच्या रचनेत येते.

कॉम्प्युटरवाल्यांना जागा आहे?

आहे, आणि ती वाढते आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलचा ‘हॅश’ नोंदवायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. व्हिडिओतला एक बिट जरी बदलला, तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. त्यामुळे जप्तीनंतर फाइलला कुणी हात लावला का, हे कळते. बीसीए, बी.एस्सी. कॉम्प्युटर किंवा अभियांत्रिकी केलेल्यांसाठी सायबर फॉरेन्सिकचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हा इकडे वळण्याचा रस्ता आहे.

यात जनजागृतीचा संबंध कुठे येतो?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. मारहाणीचे व्हिडिओही मोबाइलवरच होते आणि तपासात त्यांचा उपयोग झाला. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

व्हिडिओतला चेहरा ओळखता आला, पण पाच जीव परत आले नाहीत. अफवा पुढे पाठवण्याआधी थांबायला शिकवणे हे काम त्या दिवसाच्या आधी व्हायला हवे होते. सार्वजनिक सुरक्षेचे शिक्षण म्हणतात ते हेच.

गावपातळीवर पहिला पुरावा तज्ज्ञाच्या हाती लागत नाही. तो पोलीस पाटील, पंच, आशा सेविका, शेजारी यांच्या समोर असतो. फॉरेन्सिक शिकलेल्यांनी त्यांना सांगण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत :

• विषबाधेत औषधाची बाटली किंवा पुडी फेकू नका. रुग्णासोबत डॉक्टरांना दाखवा.

• घटनास्थळ धुऊ नका, वस्तू हलवू नका. जखमीला मदत आधी, ११२ वर फोन लगेच.

• ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० वर तातडीने तक्रार करा. मेसेज डिलीट करू नका.

या शिकवण्यातही करिअर आहे. फॉरेन्सिक सायन्स हा यूजीसी-नेटचा स्वतंत्र विषय आहे. तो उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करता येतो. नव्या कायद्यांमुळे पोलिसांनाही या विषयाचे प्रशिक्षण लागते.

प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे?

• अभ्यासक्रम मान्यताप्राप्त विद्यापीठाचा आहे का? काही दिवसांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राला पदवीची जागा घेता येत नाही.

• प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहा. क्रोमॅटोग्राफीची उपकरणे विद्यार्थ्यांना हाताळायला मिळतात का, हे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा.

• जुन्या जाहिराती काढून शैक्षणिक पात्रतेची ओळ वाचा. आपली पदवी त्यात बसते का, ते फी भरण्याआधी कळले पाहिजे.

• नोकरीची हमी देणाऱ्यांपासून सावध राहा. सरकारी प्रयोगशाळेत भरती जाहिरात आणि परीक्षेतूनच होते.

हे काम वासाचे आहे, कंटाळवाणे आहे आणि त्यात टीव्हीसारखा थरार नाही. एकाच दिवशी अनेक बरण्या टेबलावर येतात आणि प्रत्येकीमागे एक घर अहवालाची वाट पाहत असते. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कंटाळा न करणाऱ्या, तीच चाचणी पुन्हा करून पाहणाऱ्या आणि नोंदवहीत खाडाखोड न करणाऱ्या मुलामुलींनी या वाटेचा विचार जरूर करावा.