निवृत्तीनंतरची मुशाफिरी

छत्तीसगडमधील भिलाई शहराचे रेल्वेमार्गामुळे दोन भाग पडले आहेत. दक्षिणेला पोलादाचा कारखाना आणि त्याची सेक्टरांत आखलेली वसाहत. उत्तरेला सुपेला, कोहका, जुनवानी अशा वस्त्या. कारखान्यातील नोकरीबरोबर वसाहतीत घर मिळते. साठाव्या वर्षी नोकरी संपली, की ते साधारणपणे सोडावे लागते. त्यामुळे पुष्कळ जण रुळांच्या पलीकडे, कोहक्यासारख्या ठिकाणी, लहानसे घर आधीच बांधून ठेवतात. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेली आणि पुढे कारखान्यामुळे विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही या शहरात आहेत.

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीला सण नसतो आणि रविवारही नसतो. रात्र झाली म्हणून ती विझवता येत नाही. म्हणून कारखाना तीन पाळ्यांत चालतो. तीस-पस्तीस वर्षे आज सकाळी, पुढच्या आठवड्यात रात्री, असे झोपेचे वेळापत्रक बदलत जगलेल्या माणसाला एका संध्याकाळी शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या दिवशी त्याची कोणीही वाट पाहत नाही. हातापायांत बळ असते, डोळे शाबूत असतात, आणि वेळेला तोटा नसतो. या वेळेचे करायचे काय, हा प्रश्न अशा वेळी खऱ्या अर्थाने उभा राहतो. त्याचे एक उत्तर म्हणजे मुशाफिरी. म्हणजे वर्षातून एकदा काढलेली सहल नव्हे, तर वर्षाचा बहुतांश काळ घराबाहेर राहून देश पाहणे.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. संसाराची जबाबदारी पुढच्या पिढीकडे सोपवून घराबाहेर पडण्याला आपल्या परंपरेने वानप्रस्थ असे नाव दिले होते. काशीयात्रा उतारवयातच घडे, आणि जाणारा माणूस सर्वांचा निरोप घेऊनच निघे. नर्मदेची परिक्रमा तर पूर्णवेळ प्रवासाचा नमुनाच आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, ती न ओलांडता, दोन्ही तीरांनी चालत जायचे. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे. परंपरेने या परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. एवढी वर्षे लागतात याचे एक कारण लक्षात घेण्याजोगे आहे. पावसाळ्याच्या चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाही. एका गावी मुक्काम करतो. अखंड प्रवासातही थांबण्याची जागा असली पाहिजे, हे जुन्या लोकांनी ओळखले होते. आजचे प्रवासी तेच विसरतात आणि दोन महिन्यांत दमून परततात. नर्मदेचे उगमस्थान अमरकंटक हे मध्य प्रदेशात, पण छत्तीसगडच्या अगदी सीमेवर आहे. त्यामुळे भिलाईच्या माणसाला ही वाट परकी नाही.

ऑस्ट्रेलियात मोटारीला चाकांचे घर जोडून महिनोन्महिने खंडभर फिरणाऱ्या निवृत्तांना ‘ग्रे नोमॅड्स’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, म्हणतात. आपल्याकडे घर ओढत नेण्याची गरज पडत नाही. रेल्वे आहे, धर्मशाळा आहेत. शेगावच्या गजानन महाराज संस्थानासारखी भक्तनिवासांची व्यवस्था आहे. आणि शेगाव तर भिलाईवरून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच येते.

मात्र निवृत्ताच्या प्रवासाचे खरे वैशिष्ट्य स्वस्ताई नव्हे. वेळ हे आहे. नोकरदार माणूस स्थळ पाहायला जातो तो रजा मिळेल तेव्हा, आणि रजा बहुधा मुलांच्या शाळेला सुट्टी असते तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात घेतली जाते. बस्तरमधील चित्रकोट धबधब्याचेच उदाहरण घ्यावे. इंद्रावती नदी येथे सुमारे तीस मीटर उंचीवरून खाली झेपावते. पावसाळ्यात नालेच्या आकाराचा संपूर्ण कडा तांबूस, गढूळ पाण्याने झाकून जातो. उन्हाळ्यात त्याच कड्यावरून चार-दोन धारा उतरत असतात आणि मधला काळा खडक उघडा पडलेला असतो. मे महिन्यात तेथे जाऊन आलेला माणूस ‘चित्रकोट पाहिले’ असे म्हणतो, तेव्हा त्याने कडा पाहिलेला असतो. धबधबा पाहायचा राहिलेलाच असतो. बरे, पावसाळ्यात जावे, तर जवळच्याच कांगेर खोऱ्यातील कुटुमसर गुहा त्या काळात बंद असते, कारण तिच्यात पाणी शिरते. एका फेरीत दोन्ही नीट पाहणे अशक्य. ज्याच्यापाशी वेळ आहे, त्याने श्रावणात चित्रकोटला जावे आणि थंडीत पुन्हा येऊन गुहेत उतरावे.

जगदलपूरच्या दसऱ्याला तर याहून अधिक सवड लागते. बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो. श्रावणातील हरेली अमावास्येला रथासाठी आणलेल्या लाकडाची पूजा होते आणि तेथून विधींची मालिका सुरू होते. येथे रावणदहन नाही. उत्सव दंतेश्वरी देवीचा आहे. ठरावीक गावांतील कारागीर पिढीजात मानाने प्रचंड लाकडी रथ तयार करतात आणि शेकडो लोक तो दोरांनी ओढतात. चार दिवसांच्या रजेवर आलेल्यांना सजलेला रथ दिसतो. तासलेल्या लाकडाचा ओला वास आणि एकेक चाक उभे राहताना होणारी धांदल त्यांच्या वाट्याला येत नाही. पोलाद घडवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला लाकूड कसे घडते हे पाहण्यात जो रस वाटेल, तो इतरांना क्वचितच वाटेल.

जुनी स्थळेही अशीच आहेत. महानदीच्या तीरावरील सिरपूरचे लक्ष्मणमंदिर सातव्या शतकातील, विटांचे. राणी वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधवले. विटेवर इतके नाजूक कोरीव काम करता येते, हे तेथे उभे राहिल्याशिवाय पटत नाही. आणि ऊन कलते तसतशी ती नक्षी अधिक स्पष्ट होत जाते, तोवर सहलीची बस निघून गेलेली असते. रतनपूरच्या रामटेकडीवर बिंबाजी भोसले यांनी उभारलेले राममंदिर पाहताना मराठी माणसाला नागपूरजवळचे रामटेक आठवणार, हे उघडच आहे.

भिलाईच्या निवृत्ताला प्रवासात आणखी एक आनंद मिळतो, तो इतरांना सांगून कळणार नाही. भिलाईत १९६० पासून रेल्वेचे रूळ तयार होतात, आणि ते देशभर अंथरलेले आहेत. रुळाच्या अंगावर निर्मात्याची खूण आणि महिना-वर्ष उठावाच्या अक्षरांत असते. एखाद्या लहान स्थानकावर गाडी रखडली, की असा माणूस चहाच्या टपरीकडे जाण्याऐवजी फलाटाच्या कडेला उभा राहून शेजारच्या रुळावरचे साल वाचत राहतो. त्या वर्षी आपण कोणत्या विभागात होतो, आपल्याबरोबर कोण होते, याची उजळणी सुरू होते.

आता पैशाचा विचार. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ पासून लागू आहे. सप्टेंबर २०१४ पासून तिच्यातील वेतनाची मर्यादा पंधरा हजार रुपये झाली. ज्याचे अंशदान या मर्यादेवरच झाले, त्याची पस्तीस वर्षांची सेवा धरली, तरी सूत्राप्रमाणे महिना साडेसात हजार रुपयेच होतात. एवढ्यावर दोघांचा प्रवास होत नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांची एकरकमी मिळालेली पुंजी सुरक्षित ठिकाणी गुंतवून तिच्या व्याजावर फिरणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. २००४ मध्ये सुरू झालेली ज्येष्ठ नागरिक बचत योजना दर तीन महिन्यांनी व्याज देते. तिच्यातील गुंतवणुकीची मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीस लाख रुपये आहे. रेल्वेभाड्यात साठ वर्षांवरील पुरुषांना चाळीस आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के सवलत मिळत असे. ती मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली. ज्येष्ठांना शक्यतो खालचे शयनासन देण्याची सोय मात्र आहे, आणि दुखऱ्या गुडघ्यांना तिचे मोल भाड्यापेक्षा कमी नाही. हयातीच्या दाखल्यासाठी पूर्वी प्रवास अर्धवट टाकून परतावे लागे. २०१४ पासून तो डिजिटल स्वरूपातही देता येतो, त्यामुळे ती अडचण बरीच दूर झाली आहे.

पैशाहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. फिरण्याचे स्वप्न बहुधा नवऱ्याचे असते. ‘अहो, तुम्ही निवृत्त झालात, मी कधी व्हायचं?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो, आणि त्याला थट्टेवारी नेणे बरोबर नाही. पाळ्या नवऱ्याच्या असल्या, तरी पहाटे चारला डबा करणारी स्त्रीही त्याच पाळ्यांवर जगलेली असते. प्रवासातही खोली घ्यायची, तेथे स्टोव्ह पेटवायचा आणि भात-वरण तिनेच रांधायचे असेल, तर ती केवळ स्वयंपाकघराची बदली ठरते. शिवाय तिने इतक्या वर्षांनी मिळालेले स्वतःचे घर नुकतेच कुठे लावलेले असते. वसाहतीतल्या घराला आपल्या पसंतीचा रंगही देता येत नव्हता. कोहक्यातल्या घराच्या अंगणात आत्ता कोठे जास्वंद फुलू लागली आहे. ते सोडून तिने का निघावे?

याला एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. काही जण घर भाड्याने देतात आणि भाड्याच्या रकमेवर फिरतात. काही कुलूप लावतात. घर विकून टाकण्याचा सल्लाही कोणी उत्साहाने देतात. तो ऐकण्याआधी दहा वेळा विचार करावा, कारण सत्तरीनंतर प्रकृती साथ देईलच असे नाही, आणि मुलांच्या घरी पाहुणा म्हणून जाणे व राहायला म्हणून जाणे यांत फार अंतर असते. यापेक्षा आधी एक महिना फिरून पाहावे हे बरे. त्या महिन्यात स्वयंपाक करायचा नाही, सलग दोन रात्री गाडीत काढायच्या नाहीत आणि पुढचे ठिकाण दोघांनी आळीपाळीने ठरवायचे, एवढे नियम पाळले, तरी पुष्कळ गोष्टी ध्यानात येतात. कोणाला समुद्र मानवत नाही, कोणाला देवळांचा कंटाळा येतो, कोणाला नातवाचा आवाज रोज ऐकल्याशिवाय झोप लागत नाही.

आरंभ तर याहूनही जवळ करता येतो. भिलाईपासून काही किलोमीटरवर, चरोद्याजवळ, देवबलोदा येथे कलचुरी काळातील शिवमंदिर आहे. त्याला शिखर नाही, शेजारी जुने कुंड आहे, आणि महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. रायपूरला जाणाऱ्या गाडीतून देवबलोद्याचे स्थानक आयुष्यभर पाहिलेले, पण तेथे कधीच न उतरलेले लोक भिलाईत कितीतरी असतील.

निघण्याच्या दिवशी गॅस बंद करायचा, पाण्याचा मुख्य नळ फिरवायचा, औषधांच्या पट्ट्या निम्म्या निम्म्या दोन पिशव्यांत ठेवायच्या. सर्वांत शेवटी तुळशीची कुंडी उचलून शेजारणीच्या अंगणात नेऊन ठेवायची असते. किल्लीही तिच्याकडेच राहते. चातुर्मास लागण्याआधी ती कुंडी परत आणायची, असे ठरवूनच मग दोघे स्टेशनकडे निघतात.